जुना शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही: चालू करायच्या आधी कोणते कंडेन्सर बदलू?

नौपाडा_७६

नमस्कार मंडळी. इथे जुने रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. काकांच्या जुन्या घरातला टीव्ही माझ्याकडे आलाय, लाकडी कॅबिनेट, पुढे दोन्ही बाजूंनी सरकणारं शटर, चार पायांवर उभा, २४ इंची. माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलेला होता आणि निदान तीस वर्षं तरी कुणी लावलेला नाही. ठाण्याची हवा तुम्हाला माहितीये, खाडी जवळ, पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग माळ्यावर याचं काय झालं असेल.

मागचं कव्हर काढून ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढली. आत अर्धे व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या), अर्धे ट्रान्झिस्टर असं आहे. व्हॉल्व्हवर वाचता आलेले नंबर: पीएल५०४, पीवाय८८, पीसीएल८०५, पीसीएल८६, ईएचटीच्या (पिक्चर ट्यूबच्या हजारो व्होल्टच्या भागाच्या) पिंजऱ्यात डीवाय८०२. कव्हरच्या आतून सर्किट डायग्राम चिकटवलेला आहे, पण त्याचा एक कोपरा कसरीने खाल्लाय आणि नेमका पॉवर सप्लायचाच भाग गेलाय. चासीवर (आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर) एक मोठा ॲल्युमिनियमचा डबा आहे, त्यावर २००+१००+५०+२५ एमएफडी (मायक्रोफॅरड) ३५० व्होल्ट लिहिलंय, आणि बुडाशी रबराच्या कडेने पांढरं-पिवळं काहीतरी बाहेर येऊन सुकलंय.

सोल्डरिंग येतं, ॲम्प्लिफायरची किट बनवलीत, मल्टिमीटर आहे ज्यात कपॅसिटन्सही (कंडेन्सरची साठवण क्षमता) मोजता येतो. गोखले रोडजवळच्या एका दुरुस्तीवाल्यांना विचारलं तर म्हणाले सगळे कंडेन्सर उपटा, सगळे नवे टाका, नाहीतर हात लावू नका. सगळे म्हणजे शंभरच्या आसपास असतील हो. खरंच सगळे बदलायचे का? ५० आणि २५ एमएफडी आता दुकानात मिळत नाहीत, त्याऐवजी काय? आणि एकदा नुसता प्लग लावून काय होतंय ते बघू का?

वाशी_व्हॉल्व्ह

प्लग लावू नका. बाकी सगळं नंतर, आधी हे.

कारण सांगतो म्हणजे मनात राहील. त्या मोठ्या डब्यात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा थर असतो, तोच काय तो इन्सुलेशन. कंडेन्सरला वर्षानुवर्षं व्होल्टेज मिळालं नाही की तो थर विरत जातो, आणि मग एकदम तीनशे व्होल्ट आले की कंडेन्सर करंट खायला लागतो, आतून तापतो, गॅस होतो आणि डबा फुटतो. हा एक दोष. दुसरा म्हणजे आतलं द्रावण वाळणं किंवा गळणं. पहिला दोष हळूहळू व्होल्टेज वाढवून काही वेळा सुधारतो, दुसऱ्याला उपाय नाही. तुमच्या डब्याच्या बुडाशी जे सुकलंय ते आतलंच द्रावण आहे, त्यामुळे तो डबा संपलाय, त्याला जिवंत करत बसू नका.

आणि नुसता डबा गेला तर एक वेळ चालेल, पण तो शॉर्ट होताना बीवाय१२७ डायोड, सर्ज रेझिस्टन्स, चोक यांनाही घेऊन जातो. लाइन स्टेजमधला (चित्राच्या आडव्या रेषा काढणाऱ्या भागातला) एखादा कंडेन्सर लीक असेल तर पीएल५०४ ची प्लेट लाल होते आणि ईएचटी ट्रान्सफॉर्मर भाजून निघतो. व्हॉल्व्ह अजून शोधून मिळतात, बंगळुरूच्या बीईएलचे जुने डबाबंद व्हॉल्व्ह कुणाकुणाकडे पडलेले आहेत. तुमच्या मॉडेलचा ईएचटी ट्रान्सफॉर्मर मात्र मिळणार नाही असंच धरून चाला. आपण जे काही करतोय ते त्या ट्रान्सफॉर्मरला आणि पिक्चर ट्यूबला वाचवायला करतोय, हे डोक्यात असू द्या.

आता कोणते बदलायचे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तुमचा सेट त्यानंतरच्या काही वर्षांतला दिसतोय, म्हणजे आत बरेचसे पॉलिएस्टरचे कंडेन्सर असणार आणि ते बहुतेक चांगलेच निघतात. बदलायचे ते असे: तो डबा, पूर्ण. बाकीचे छोटे इलेक्ट्रोलायटिक, खासकरून पीसीएल८०५ आणि पीसीएल८६ च्या कॅथोडवरचे, कारण ते गरम व्हॉल्व्हच्या शेजारी बसून शिजलेले असतात. कुठे पेपर कंडेन्सर असतील तर सगळे, ओळखायला सोपे, चॉकलेटी किंवा काळपट नळी आणि दोन्ही टोकांना डांबर किंवा मेण भरलेलं. पेपर हवेतला ओलावा ओढतो, आणि तुम्ही म्हणालात तशी ठाण्याची हवा. मेन्स स्विचच्या पाठी ०.१ चा जो असतो तो न तपासता बदला, त्याला कायम २३० व्होल्ट सोसायचे असतात, आणि त्या जागी साधा ४०० व्होल्टचा पॉलिएस्टर चालणार नाही, एक्स२ छापलेला २७५ व्होल्ट एसीचाच टाका. शेवटचा बूस्ट कंडेन्सर, पीवाय८८ च्या आसपास सापडेल. त्याला पॉलिप्रॉपिलीनचा, व्होल्टेज मूळइतकं किंवा जास्त, व्हॅल्यू तीच.

सिरॅमिकच्या चकत्या, मायका आणि आयएफच्या (ट्यूनरनंतर सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या) डब्यांमधले कंडेन्सर यांना हात लावू नका. ते बिघडत नाहीत असं नाही पण क्वचित, आणि आयएफमध्ये नुसती तार हलली तरी अलाइनमेंट सरकते. लाइन ऑसिलेटरमध्ये पारदर्शक प्लास्टिकचे स्टायरोफ्लेक्स दिसतील, त्यांच्या पायाला सोल्डरिंग जास्त वेळ लागली तर ते वितळतात, म्हणून त्यांच्या शेजारीसुद्धा जपून.

व्हॅल्यूचं टेन्शन घेऊ नका. २०० ला २२०, १०० ला १००, ५० ला ४७, २५ ला २२ किंवा ३३. जुन्या इलेक्ट्रोलायटिकचा टॉलरन्स इतका सैल असायचा की छापलेल्यापेक्षा ५० टक्के जास्त भरला तरी कंपनीला चालायचा. फक्त डायोडच्या लगेच पुढचा जो असेल त्याला उगाच ४७० वगैरे लावू नका, मोठा कंडेन्सर प्रत्येक सायकलला मोठा झटका ओढतो आणि बीवाय१२७ हा एक अँपियरचाच डायोड आहे.

व्होल्टेज मात्र वाढवा. डायोड सिलिकॉनचा, त्यामुळे स्विच टाकल्या टाकल्या एचटी (व्हॉल्व्हना लागणारं मोठं डीसी व्होल्टेज) उभी राहते, आणि व्हॉल्व्ह तापेपर्यंत लोड जवळजवळ शून्य. २३० चा पीक ३२५ होतो, आणि लाइन चढून २५३ झाली तर ३५८. म्हणजे ३५० वाला कंडेन्सर पहिलं अर्धं मिनिट आपल्या मर्यादेबाहेर बसलेला असतो. ४५० व्होल्टचे घ्या, १०५ डिग्रीचे. तापमान दहा डिग्रीने कमी तर आयुष्य साधारण दुप्पट, त्यामुळे ८५ ऐवजी १०५ वाला त्याच जागी चौपट टिकायला हरकत नाही.

आणि मीटरवर कपॅसिटन्स बरोबर आला म्हणून कंडेन्सर चांगला, असं समजू नका. मीटर एक-दोन व्होल्टवर मोजतो. तीनशे व्होल्टवर तो किती गळतो ते मीटरला कळत नाही.

ऐरोली_सोल्डर

वाशीकाकांच्या म्हणण्याला पूर्ण अनुमोदन, मी फक्त त्या डब्याबद्दल सांगते कारण मला तो भाग फार आवडतो.

डबा फेकू नका प्लीज. चासीवर त्याची जागा ठरलेली आहे, तो काढला की भोक राहतं आणि सेटचं रूपच जातं. दोन मार्ग आहेत. सोपा म्हणजे डबा तसाच वर ठेवायचा, खालून त्याच्या चारही लगवरच्या (जोडणीच्या पट्ट्यांवरच्या) तारा सोडवायच्या आणि चार नवे कंडेन्सर चासीच्या खाली एका टॅगस्ट्रिपवर बसवायचे. तारा सोडवायच्याच हं, जुन्याला समांतर नवा लावून काम भागवायचं नाही, जुना गळत राहतो तो राहतोच.

दुसरा मार्ग मी करते तो. डबा काढून बुडाच्या वळवलेल्या कडेपासून बोटभर वर बारीक करवतीने गोल कापायचा, सावकाश, डबा फिरवत. आतला गाभा सहसा डांबरात किंवा मेणात बसवलेला असतो, डब्याला बाहेरून हेअर ड्रायरने गरम केलं की सैल होतो आणि पकडीने ओढून काढता येतो, हातात ग्लोव्हज घाला आणि खिडकी उघडी ठेवा, वास घशाला लागतो. आत कागद आणि पत्र्याची गच्च गुंडाळी असते, तुमच्यासारख्या गळक्या डब्यात तिच्या कडा हिरवट-पांढऱ्या आणि चिकट निघतील. रिकामा डबा साबणाच्या पाण्याने धुवून वाळवायचा. आजकालचा २२० एमएफडी ४५० व्होल्ट साधारण अंगठ्याएवढ्या जाडीचा येतो, बाकीचे तीन त्याहून लहान, त्यामुळे २४ इंची सेटच्या डब्यात चारही बसायला जागा असते, तरी कापायच्या आधी मोजून घ्या. चारही निगेटिव्ह एकत्र करून जुन्या बुडाच्या कॉमनला, पॉझिटिव्ह आपापल्या लगला, प्रत्येक तारेवर स्लीव्ह. मग कापलेल्या जागी आतून पत्र्याची पट्टी घालून इपॉक्सीने जोडायचं. चासीवर उभा केला की कापल्याची रेघ दिसतसुद्धा नाही.

कुठली लग कुठल्या व्हॅल्यूची हे लगच्या शेजारच्या खुणांवरून कळतं, चौकोन, त्रिकोण, अर्धगोल अशा, आणि त्याचा तक्ता डब्याच्या अंगावर छापलेला असतो. तारा सोडवायच्या आधी फोटो काढा आणि कागदावरही काढून ठेवा, कारण फोटोत लाल तार आणि तपकिरी तार सारखीच दिसते. तुमच्या डायग्रामचा नेमका तोच कोपरा गेलाय म्हणून तुम्हाला हे जास्त लागू. चारही लगवरून कोण कुठे जातंय ते मागोवा घेत घेत हाताने काढलंत तर तो गेलेला कोपरा तुमचा तुम्हालाच परत मिळेल.

खरेदीला लॅमिंग्टन रोडच, ग्रँट रोडला उतरून. पण फुटपाथवरचे उचलू नका, तिकडे जुन्या बोर्डावरचे काढून नवं प्लास्टिक चढवलेले कंडेन्सर मिळतात, नावं मोठमोठ्या कंपन्यांची. पाय बघा, कापलेले किंवा सोल्डर लागलेले असतील तर घेऊ नका. आकारापेक्षा वजन फार हलकं लागलं तरी घेऊ नका. बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. आपल्याकडचे पण चांगले येतात, नाशिकचे अल्कॉन, केरळचे केल्ट्रॉन.

कोपरी_ईस्ट

मला थोडं वेगळं वाटतं. तीस वर्षं पडलेला सेट आहे, सगळे कंडेन्सर एकाच वयाचे. आज चार बदलले, उद्या पाचवा जाणार, परवा सहावा, प्रत्येक वेळी कव्हर खोला. त्या दुरुस्तीवाल्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. कंडेन्सर असे कितीचे येतात, शंभर घेतले तरी परवडतात, एका रविवारी बसून सगळे बदलून मोकळं व्हायचं. स्विचिंग सप्लायवाल्या जुन्या कलर टीव्हीत मी असंच करतो आणि चांगले चालतात.

वाशी_व्हॉल्व्ह

कोपरीकर, इलेक्ट्रोलायटिकपुरतं तुमचं म्हणणं मला मान्य आहे, ते सगळे एकाच वयाचे म्हणून सगळे बदला. पण सगळे म्हणजे शंभरच्या शंभर नकोत, आणि एका बैठकीत तर मुळीच नकोत.

या सेटची पीसीबी बघितली आहेत का, तपकिरी पॅक्सोलिनची, आणि त्यावरचा तांब्याचा प्रिंट पन्नास वर्षांत सुटायला आलेला असतो. एका कंडेन्सरचे दोन पाय म्हणजे दोनदा उष्णता. शंभर कंडेन्सर म्हणजे दोनशे ठिकाणी तुम्ही प्रिंट उचलायची संधी देताय, त्यातल्या ऐंशी टक्के जागी आधी काही बिघाडच नव्हता. आणि पन्नास जागी हात घातल्यावर सेट लागला नाही तर शोधणार कुठे? ०.०१ च्या जागी ०.१ बसला, एक पोलॅरिटी उलटी गेली, एक ड्राय सोल्डर, तिन्ही एकदम असले की मूळ बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला हे कळायला मार्ग राहत नाही. माझी पद्धत अशी की एक काढायचा, एक बसवायचा, डायग्रामवर टिक करायची, मगच पुढचा. आणि एक स्टेज झाली की थांबून सेट तपासायचा.

कलर टीव्हीतल्या स्विचिंग सप्लायची गोष्ट निराळी. तिथे सगळे इलेक्ट्रोलायटिकच असतात आणि हाय फ्रिक्वेन्सीमुळे ईएसआर (कंडेन्सरचा आतला रेझिस्टन्स) वाढला की लगेच त्रास देतात, तिथे एकदम बदलणं मीही करतो.

नौपाडाकर, पहिल्यांदा चालू करताना काय करायचं ते आता सांगतो. असल्या सेटची चासी मेन्सच्या एका तारेला थेट जोडलेली असते, मधे ट्रान्सफॉर्मर नाही. दोन पिनचा प्लग उलटा लागला की चासी फेज. त्यामुळे १:१ चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच, ५०० व्हीए चा करून घ्या. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) म्हणजे आयसोलेशन नाही, त्यात एकच वाइंडिंग असतं, चासी फेजवरच राहते. ट्रान्सफॉर्मरच्या पुढे सिरीजमध्ये १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब. थंड हीटरचा रेझिस्टन्स कमी म्हणून बल्ब आधी जोरात पेटेल, मग हळूहळू मंद होईल. मंद झाला तर ठीक. तसाच भगभगत राहिला तर बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. हा सेट दीडशे वॉटच्या आसपास खातो, त्यामुळे एका बल्बवर चित्र येणार नाही, ते अपेक्षितच आहे. पहिला टप्पा फक्त शॉर्ट नाही ना आणि एचटी वर चढतेय ना एवढं बघायला. मग दुसरा बल्ब समांतर, मग थेट.

काम करताना एक हात खिशात. बंद केल्यावर मोठे कंडेन्सर एखाद्या १० के, १० वॉटच्या रेझिस्टन्सने डिस्चार्ज करायचे, स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून नाही. पिक्चर ट्यूब एकदा चालली की तिच्यातही १५-१८ हजार व्होल्ट साठून राहतात, ते ट्यूबच्या पाठीवरच्या काळ्या लेपाला टेकलेली जी उघडी तार असते तिच्याकडेच उतरवा, चासीकडे नको, तुमच्या सेटमध्ये ट्रान्झिस्टर आहेत, ते जातील. आणि ट्यूबच्या मानेला धक्का लागू देऊ नका.

नौपाडा_७६

काका, ताई, खूप खूप आभार. तुम्ही लिहिलं तसंच एकेक करत गेलो, वेळ लागला पण घाई केली नाही. डबा ताईंच्या पद्धतीने कापून भरला, खरंच रेघ दिसत नाही. एक्स२ बसवला, बूस्ट बदलला, छोटे इलेक्ट्रोलायटिक सगळे बदलले. ट्रान्सफॉर्मर वागळे इस्टेटमध्ये एकांकडून वाइंड करून घेतला. गेलेला कोपरा कागदावर काढला, तो इथे टाकतो, कुणाला त्याच चासीचा सेट मिळाला तर उपयोगी पडेल.

एका बल्बवर एचटी व्यवस्थित चढली, बल्ब मंद झाला. मग थेट लावला आणि ट्यूब उजळली!! सिग्नल नाही म्हणून नुसते मुंग्यांसारखे ठिपके, पण पूर्ण रुंदीभर, आणि स्पीकरमधून खरखर. घरातले सगळे येऊन बघून गेले, आईला तर विश्वासच बसेना.

आता अडचण. खालच्या बाजूला चित्र दुमडल्यासारखं दिसतंय, तळाशी तीनेक बोटं रुंदीची जास्त उजळ पट्टी आणि तिच्यात ठिपके एकमेकांवर चढलेले. हाइट आणि लिनिअॅरिटीचे प्रीसेट फिरवून जात नाही. सेट जसा तापतो तशी पट्टी वाढते. पीसीएल८०५ च्या कॅथोडचा इलेक्ट्रोलायटिक मी नवा टाकलाय, १०० एमएफडी २५ व्होल्टचा. मग आता व्हॉल्व्हच गेलाय का?

वाशी_व्हॉल्व्ह

वा! अभिनंदन. आईंना नमस्कार सांगा.

व्हॉल्व्ह घ्यायला धावू नका. तापल्यावर वाढणारं फोल्डिंग आणि तेही खालच्या बाजूला, आधी कपलिंग कंडेन्सर धरायचा. पीसीएल८०५ च्या एका काचेत ट्रायोड आणि पेंटोड दोन्ही असतात. ट्रायोडच्या प्लेटवर शंभर-दीडशे व्होल्ट डीसी, तिथून पेंटोडच्या ग्रिडकडे फक्त सिग्नल जायचा, डीसी नाही. मधला कंडेन्सर थोडा जरी गळला तरी ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, व्हॉल्व्ह जास्त ओढतो आणि चित्राचा तळ दुमडतो. असल्या चाचणीला नेहमीचा उपाय म्हणजे व्हॉल्व्ह काढून ग्रिडचं व्होल्टेज बघणं, पण तुमच्याकडे सगळे हीटर सिरीजमध्ये आहेत, एक काढला की सगळे विझतात. म्हणून असं करा.

सेट बंद, डिस्चार्ज. त्या कंडेन्सरचा ग्रिडकडचा पाय फक्त सोडवा आणि हवेत उभा करा. मीटर डीसी २०० व्होल्टवर, काळी तार चासीला क्रोकोडाइल क्लिपने, लाल त्या मोकळ्या पायाला क्लिपने, हाताने धरायचं नाही. ब्राइटनेस पूर्ण कमी करा आणि हे विसरू नका, कारण व्हर्टिकल बंद झाल्यामुळे ट्यूबवर सगळा प्रकाश एका आडव्या रेषेत जमतो आणि फॉस्फर जळून कायमची रेघ पडते. मग सेट लावा. तापताना मीटर एकदा वर उडी मारेल, तो कंडेन्सर भरतोय. मग खाली येत येत शून्याजवळ थांबला तर कंडेन्सर चांगला. पाच-दहा व्होल्टवर अडकून राहिला तर गेला.

आकडा छोटा वाटला तरी फसू नका. मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स दहा मेगोहम असतो. समजा मागे दीडशे व्होल्ट आहेत आणि कंडेन्सर शंभर मेगोहमसारखा गळतोय, तर मीटर साडेतेरा दाखवेल. शंभर मेगोहम मोजायला गेलात तर तुमचा ओहममीटर त्याला उघडाच म्हणेल, म्हणून बेंचवर तो चांगला वाटतो आणि सेटमध्ये छळतो.

नेरुळ_पोर्टेबल

मधेच एक प्रश्न. माझ्याकडे १४ इंची पूर्ण ट्रान्झिस्टरचा ब्लॅक अँड व्हाइट आहे, आउटपुटला बीयू२०५. त्याच्या कलेक्टरवर एक फुगीर कंडेन्सर आहे, वर भेग दिसतेय. नेमकी व्हॅल्यू मिळत नाही, जवळची कमी मिळते. चालेल?

वाशी_व्हॉल्व्ह

नाही चालणार. कमी व्हॅल्यू तर अजिबात नको. तो कंडेन्सर फ्लायबॅकची (प्रत्येक ओळीनंतर किरण मागे परतण्याची) वेळ ठरवतो. व्हॅल्यू कमी झाली की पल्स अरुंद आणि उंच होतो, ईएचटी वाढते, ट्रान्झिस्टर पहिल्या मिनिटात जातो आणि जास्तीच्या ईएचटीने ट्यूबमधून एक्स-रे वाढतात ते वेगळंच. दोन-तीन समांतर लावून अचूक व्हॅल्यू करा, प्रत्येक १६०० किंवा २००० व्होल्टचा, पॉलिप्रॉपिलीन, पल्ससाठी बनवलेला. आणि भेग आहे तोवर सेट लावू नका, तो उघडा पडला तरी परिणाम तोच.

नौपाडा_७६

काका, सापडला. पाय सोडवून मीटर लावला, उडी मारून खाली आला पण अकरा व्होल्टवरच थांबला, आणि सेट तापेल तसा परत वर सरकायला लागला. काढून बघितला तर टोकाच्या डांबराला केसासारखी चीर. गंमत म्हणजे कपॅसिटन्स मोजला तर छापलेल्यापेक्षा थोडा जास्तच भरला, तुम्ही पहिल्याच उत्तरात म्हणाला होतात तेच. नवा ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन टाकला, फोल्डिंग गायब. लिनिअॅरिटी थोडी लावावी लागली. तशाच जातीचा अजून एक पीसीएल८६ च्या ग्रिडवर होता, तोही बदलला, आवाज एकदम मोकळा झाला.

आता चित्र कुठून आणायचं? ॲनालॉग प्रक्षेपण तर बंद झालंय. माझा भाचा म्हणतोय की व्हिडिओ ॲम्प्लिफायरला थेट एक एव्ही सॉकेट काढून सेटटॉप बॉक्स जोडू, दहा मिनिटांचं काम आहे.

ऐरोली_सोल्डर

भाच्याला थांबवा! चासी मेन्सला जोडलेली आहे. एव्ही सॉकेटची बाहेरची रिंग म्हणजे चासी, म्हणजे ती केबल, सेटटॉप बॉक्स आणि त्याला जोडलेलं सगळं फेजवर येऊ शकतं. तुम्ही बेंचवर आयसोलेशन वापरता पण उद्या हॉलमध्ये कुणी सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावला तर? आरएफनेच (चॅनलच्या सिग्नलच्या रूपातच) आत जायचं, अँटेनाच्या टर्मिनलमधून.

आणि त्या टर्मिनलच्या पाठी दोन छोटे कंडेन्सर आहेत जे अँटेना आणि चासी वेगळे ठेवतात, ते आत्ताच बदला, वाय१ छापलेलेच. व्हॅल्यू तीच ठेवा. आधी गच्चीवरची अँटेना आणि सेटला हात लावणारा माणूस यांच्यात आणि फेजमध्ये एवढेच दोन होते.

मॉड्युलेटर (सेटटॉप बॉक्सचं चित्र-आवाज टीव्हीच्या चॅनलवर चढवणारा डबा) घेताना दोन गोष्टी बघा. तुमचा ट्यूनर फक्त व्हीएचएफ, २ ते १२ चॅनल. बाजारात मिळणारे बरेच यूएचएफवर देतात, ते तुमच्या सेटला दिसणारच नाहीत. आणि साउंड ५.५ मेगाहर्ट्झवर हवा, ४.५ वाला घेतलात तर चित्र येईल पण आवाज नाही. जुन्या केबलवाल्यांकडे हेडएंडचे ॲनालॉग मॉड्युलेटर धूळ खात पडलेले असतात, त्यातला व्हीएचएफ चॅनलचा मिळाला तर उत्तम, चित्र फार स्वच्छ येतं. त्याचं आउटपुट ७५ ओहम, तुमच्या सेटला चपटी ३०० ओहमची वायर लागते, मधे बलून (७५ आणि ३०० ओहम जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) लावा. सिग्नल फार जोराचा असेल तर चित्र वाकडं होतं आणि काळं पडतं, तेव्हा अॅटेन्युएटर घाला.

माझ्याकडे चौथ्या चॅनलचा एक मॉड्युलेटर जास्तीचा आहे, चालू आहे. रविवारी ठाण्याला येणार आहे, स्टेशनला देऊ शकते. मेसेज करा.

नौपाडा_७६

ताई, मेसेज केलाय. वाय१ चे ४७० पीएफ उद्याच आणतो. काका, वेळ असेल तर तुम्हीही रविवारी या, ट्रान्सहार्बरने सरळ ठाणे, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. लाइन होल्ड (चित्र आडवं स्थिर धरणारं सेटिंग) थोड्या वेळाने सरकतोय, सिग्नल आल्यावर तो तुमच्यासमोर लावायचाय, स्टायरोफ्लेक्सच्या जवळ मी एकटा सोल्डरिंग नेणार नाही.

वाशी_व्हॉल्व्ह

येतो. माझा ऑसिलोस्कोप घेऊन येतो. तोवर पीसीएल८६ च्या ग्रिडवरचा जुना काढलेला कंडेन्सर फेकू नका, मला बघायचाय.